आबांच्या पुढे चालणारा माणूस

दत्ताराम पेडणेकर आपल्या कुत्र्याला अहो-जाहो करायचे.

"आबानू, जरा थांबा. मी बघून येतंय," असं म्हणून ते गल्लीच्या प्रत्येक कोपऱ्याअलीकडे कुत्र्याला बसवायचे, हातातली बारा फुटी दोरी सैल सोडायचे आणि स्वतः पुढे जाऊन आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे बघायचे. पलीकडून दुसरा कुत्रा येत असेल तर खिशातून लाल फडकं काढून खाली धरायचे. म्हणजे थांबा. रस्ता मोकळा असेल तर रिकामा हात दोनदा हलवून म्हणायचे, "येवा." मग आबा उठायचे. बसवलं की ते लगेच आडवे होत, त्यामुळे उठायला वेळ लागे. आधी पुढचे पाय, मग थोडा विचार, मग मागचे.

आबा ग्रेट डेन होते. रंग ओल्या सिमेंटसारखा. पाठ पेडणेकर काकांच्या कमरेच्या वर यायची आणि मान ताठ केली की नाक काकांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लागायचं. काका स्वतः किरकोळ अंगाचे. लांबून पाहणाऱ्याला कोण कोणाला फिरवतंय याचा अंदाज यायचा नाही. जवळून पाहणाऱ्यालाही यायचा नाही.

हे चारकोपमधलं आहे. आमची इमारत सेक्टरच्या आतल्या गल्लीत होती. काका तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत राहायचे, मी त्यांच्या थेट वरच्या मजल्यावर. आबांना घरात वळायचं असलं की काका दारात येऊन उभे राहायचे. वळून झालं की परत आत जायचे. आता आबा नाहीत. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली आणि तिच्याभोवती पत्रे उभे राहिले. काका सावंतवाडीच्या बाजूला आपल्या गावी असतात. मी बोरीवलीला भाड्याच्या घरात राहतो. खिडकीखालून सकाळी सात वाजता पुष्कळ कुत्रे जातात. एकालाही कोणी 'अहो' म्हणत नाही.

काकांची चाल समजायची तर त्यांची नोकरी माहीत हवी. अवजड मालाची वाहतूक करणाऱ्या एका कंपनीत त्यांची हयात गेली आणि त्यांचं काम चालण्याचं होतं. बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, कारखान्यांच्या टाक्या असा रस्त्यापेक्षा मोठा माल ट्रेलरवर चढवून गोदीबाहेर काढला की त्याच्या पुढे एक माणूस पायी निघतो. एका हातात लाल फडकं, दुसऱ्या हातात वायरी उचलायला लांब बांबू. ट्रेलर त्या माणसाच्या चालीने मागून येतो. पूल किती उंच, फांदी किती खाली, वळणावर कोणी मंडप घातलाय का, हे सगळं त्याने आधी बघायचं आणि मागच्या ड्रायव्हरला हाताने सांगायचं. काका असे चालत विदर्भापर्यंत जाऊन आले होते. एका प्रवासाला अठरा दिवस लागले होते आणि वाटेत त्यांनी तीन वराती थांबवल्या होत्या. एका नवरदेवाने घोड्यावरून उतरून त्यांना शिव्या दिल्या होत्या, हे ते फार कौतुकाने सांगायचे.

या नोकरीतून त्यांनी एक सिद्धांत आणला होता. "ट्रेलर कोणाक जावन धडाकत नाय," ते म्हणायचे. "मोटरसायकल मधी घुसता, आणि नाव ट्रेलराचा." कुत्र्यांच्या बाबतीतही त्यांचं मत हेच होतं. आणि कोणी फार वाद घातला तर ठेवणीतलं वाक्य यायचं, "माल मोठो, रस्तो बारीक." या वाक्यानंतर चर्चा संपायची.

आबा मुळात काकांचे नव्हतेच. त्यांच्या मुलाने, निलेशने, मालाडला मोठं घर घेतलं तेव्हा हौसेने पिल्लू आणलं होतं. वर्षभरात त्याला कॅनडाची नोकरी लागली आणि पिल्लू चारकोपला आलं. दोन महिन्यांसाठी, असं ठरलं होतं. तोवर पिल्लाची पाठ डायनिंग टेबलाला लागत होती. काकी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

निलेशने ठेवलेलं नाव ब्रूनो. काकांनी तीन दिवस 'ब्रूनो, ब्रूनो' करून पाहिलं. कुत्रा पलंगाखालून हलेना. पलंगाखाली त्याचं फक्त डोकं मावत होतं, पण त्याच्या दृष्टीने तो लपलेला होता. चौथ्या दिवशी काका वैतागून हात जोडून म्हणाले, "उठा आता, आबानू!" आणि तो उठला. हा योगायोग असू शकतो. काकांनी तो मानला नाही.

"एवढ्या मोठ्या माणसाक अरेतुरे कसा करूचा?" ते मला म्हणाले.

"काका, तो दीड वर्षाचा आहे."

"वय बघू नको. माल बघ."

एवढा मोठा कुत्रा इतर कुत्र्यांशी कसा वागतो, हे मी चार वर्षं खिडकीतून आणि कधी सोबत चालून पाहिलं. बहुतेक लोकांची समजूत असते की तो बाकीच्यांना खातो. आबा बाकीच्यांना टाळायचे. समोरून छोटा कुत्रा भुंकत आला की ते एकदम निश्चल व्हायचे आणि मान वळवून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लागायचे. टाकीत त्यांना त्या वेळी फार रस असायचा. भुंकणारा आणखी जवळ आला तर काकांच्या मागे जायचे. काकांच्या मागे त्यांचा तिसरा हिस्सा झाकला जायचा. आणि अगदीच घाबरले तर टेकायचे. ग्रेट डेन अंगावर टेकला की माणूस जागेवर राहत नाही. म्हणून काका चकमकीआधीच जवळचा विजेचा खांब हेरून ठेवायचे आणि वेळ आली की त्याला धरायचे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा कारभार वेगळा होता. चारकोपला माणसांचे सेक्टर आहेत, कुत्र्यांचेही आहेत. आमच्या सेक्टरचा म्होरक्या एक कान तुटलेला पिवळा कुत्रा होता. काका त्याला हवालदार म्हणायचे, आणि अरेतुरे करायचे. हवालदार आणि त्याची माणसं आबांच्या मागे पंधरा फुटांवरून भुंकत यायची. समोर येऊन भुंकलेला एकही मी पाहिला नाही. पिठाच्या गिरणीपाशी त्यांची हद्द संपायची. तिथे ते थांबत, पुढच्या सेक्टरचे चौघे उठून उभे राहत आणि भुंकणं त्यांच्याकडे सोपवलं जाई. आबा या सगळ्यातून मान खाली घालून चालायचे, सत्काराला कंटाळलेल्या पाहुण्यासारखे.

खरी पंचाईत पिल्लांची. दूध केंद्रामागे एका कुत्रीला पाच पिल्लं झाली तेव्हा आबांनी रस्त्याच्या मधोमध अंग टाकलं. चार पाय पसरले, हनुवटी डांबराला लावली आणि जमेल तेवढे बुटके झाले. पिल्लं आधी लांबून बघत राहिली, मग एक कानावर चढलं. मागे रिक्षा येऊन थांबली.

"ओ काका, उठवा ना यार त्याला!" रिक्षावाला ओरडला. "पॅसेंजर आहे."

काकांनी लाल फडकं बाहेर काढलं होतंच. "पाच मिन्टा. माल मोठो, रस्तो बारीक."

"अहो, ऑफिस आहे त्याचं!"

ज्याचं ऑफिस होतं तो रिक्षातून उतरून फोटो काढत होता.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर हेमाबेन राहायच्या. त्यांच्याकडे बुंदी नावाची पांढरी पॉमेरियन होती. वजन आट्याच्या पाच किलोच्या पिशवीपेक्षा कमी. हेमाबेन बुंदीला घेऊन सातच्या सुमारास खाली यायच्या, म्हणजे आबांच्याच वेळेला. बुंदी जिन्यातच भुंकायला सुरुवात करायची. आबा दिसले की हेमाबेन दोरी आवळायच्या, तशी बुंदी दोन पायांवर उभी राहून आणखी जोरात भुंकायची. मग हेमाबेन तिला उचलून घ्यायच्या. त्यामुळे बुंदीचं तोंड बरोबर आबांच्या तोंडासमोर यायचं आणि ती तिथून भुंकायची. हे तीन वर्षं रोज सकाळी चाललं.

मग तो मंगळवार. हेमाबेनच्या हातात नवी दोरी होती, बटण दाबलं की लांब होणारी. त्या फोनवर बोलत होत्या. बटण दाबलं गेलं आणि बुंदी सुटली. ती आबांच्या पोटाखालून गेली, मागच्या पायांना दोन वेढे घालून परत आली आणि तिथेच उभी राहून भुंकायला लागली. आबा प्रथम दगड झाले. नंतर त्यांनी घरी जायचं ठरवलं. ते घरी गेले. त्यांच्यासोबत दोरी गेली, दोरीसोबत बुंदी गेली आणि दोरीचा दांडा धरून हेमाबेन तीन पावलं गेल्या. चौथ्या पावलाला त्या पेव्हर ब्लॉकवर बसल्या. कोपर खरचटलं, चष्म्याची काडी वाकली. बुंदीला काही झालं नाही. या सगळ्या काळात तिने भुंकणं थांबवलं नव्हतं. काका खांब धरून उभे होते. आबांनी डोक्याने दार ढकललं आणि पलंगाखाली डोकं घातलं.

पावणेआठला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं, 'कुत्र्याचा हल्ला.' नऊला आलं, 'हेमाबेनना चावा.' संध्याकाळी स्टेशनजवळच्या एका ओळखीच्या माणसाने मला विचारलं की, चारकोपला कुत्र्याने एका बाईला पुढच्या सेक्टरपर्यंत ओढत नेलं हे खरं का. बातमी कशी वाढते हे मी वर्तमानपत्राच्या कचेरीत पगार घेऊन पाहिलेलं आहे. एवढा वेग मी तिथेही पाहिला नव्हता.

बुधवारी फळ्यावर नोटीस लागली. सेक्रेटरी गायकवाड यांची सही. 'मोठ्या आकाराच्या श्वानास मुसके बांधल्याशिवाय आवारात फिरवू नये. अंतिम निर्णय रविवारच्या सभेत.' सोसायटीला असं सांगता येतं की नाही यावर दोन मतं होती. दोन्ही ग्रुपवर मोठ्या अक्षरांत मांडली गेली.

काकांनी नोटीस दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मोठ्याने.

"मुसका?" ते म्हणाले. "मुसका बैलाक बांधतत, मळणीक. बैल भात खायत म्हणान. आबांनी कोणाचा भात खाल्ल्यानी?"

गायकवाड तिथेच स्कूटर पुसत होते. सरळ माणूस. विम्याच्या कचेरीत होते आणि सेक्रेटरीपद कोणी घेईना म्हणून सहा वर्षं त्यांच्याकडेच होतं. "काका, तो चावतो असं कोणी म्हणत नाही. पण दिसतो ना तसा!"

"दिसता म्हणान तोंड बांधूचा? मगे तुमच्या मेव्हण्याचा आधी बांधा."

"मेव्हण्याला मध्ये आणू नका."

"मी खंय आणलंय? तो येवच्या आधी दोन मजले तेचो आवाज येता."

गायकवाडांनी फडकं स्कूटरवर टाकलं. "ऐका. हेमाबेन पडल्या. उद्या एखादं पोर पडलं तर लोक मला विचारणार. मुसकं नाही तर कुत्रा आवारात नाही. साधी गोष्ट आहे."

काकांच्या बाजूनेही गोष्ट साधीच होती. आबा उघड्या तोंडाने चालणार की नाही, एवढाच प्रश्न होता. ते चार दिवस जिन्यात, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी, जो भेटेल त्याला तेच सांगत राहिले. ज्याने आयुष्यात कोणाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही, त्याच्या तोंडाला जाळी कशाला? मला म्हणाले, "वरून जाळी दिसली की लोक म्हणतले, काय तरी केल्यानी असतला. आबांची सगळी इज्जत गेली मगे." शनिवारी त्यांनी गायकवाडांपुढे अर्ज ठेवला. त्यात एकच मागणी होती. ट्रायल घ्या.

ट्रायल हा त्यांच्या कंपनीतला रिवाज. मोठा माल निघायच्या आधी ड्रायव्हर, पोलीस, वीज खात्याची माणसं असे सगळे जण रस्ता पायी चालून बघतात. कागदावर नकाशा बघून कोणी सही करत नाही. "तुमी आबांवर निर्णय देतास," काका म्हणाले, "तर एक दीस आबांबरोबर चला."

रविवारी सकाळी सातला आम्ही गेटवर जमलो. गायकवाड, समितीचे आणखी दोघे, मी, आणि कोपराला पट्टी बांधलेल्या हेमाबेन. बुंदीला घरी ठेवलं होतं. काकांनी कंपनीचा जुना खाकी शर्ट घातला होता, खिशावरचं नाव उसवलेलं.

पहिल्या कोपऱ्यावर काका पुढे जाऊन आले. "येवा," ते म्हणाले. आबा उठले. आम्हीही निघालो. नकळत आम्ही सगळे त्यांच्या हाताच्या खुणेवर थांबत आणि चालत होतो, हे आमच्या लक्षात दुसऱ्या कोपऱ्यावर आलं.

हवालदार नेहमीच्या जागी होता. आज एवढी माणसं पाहून त्याला चेव आला असावा. नियम मोडून तो बाजूने आला आणि थेट आबांच्या कानाशी भुंकला. आबा घाबरले. काका पुढे होते, म्हणून ते जवळच्या माणसाच्या मागे गेले. जवळचा माणूस म्हणजे गायकवाड. आबांनी त्यांच्या पाठीला सगळं अंग टेकवलं. गायकवाड उभ्या असलेल्या एका टेम्पोला चिकटले.

"काका! अहो काका, हा काय करतोय?"

"टेकतत. घाबारले ते."

"अहो, मी घाबरलोय!"

"मगे तुमी पण टेका."

गायकवाड टेकलेलेच होते. त्यांना दुसरा पर्याय नव्हता. हवालदार निघून जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं, दोघे तसेच एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. नंतर पाहिलं तर गायकवाडांचा हात आबांच्या मानेवर होता. तो कधी गेला हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दूध केंद्रामागची पिल्लं आता मोठी झाली होती. ती धावत आली. आबा रस्त्यात आडवे झाले, हनुवटी डांबराला. एका पिल्लाने त्यांचा ओठ धरून ओढला. आबांनी डोळे मिटून घेतले.

"अरे बापरे," हेमाबेन म्हणाल्या. "हा तर एकदम डरपोक आहे."

"डरपोक नाय," काका म्हणाले. "तेंका आपला वजन ठाऊक आसा."

सभा दहाला पार्किंगमध्ये भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, माणसं वीस-बावीस. गायकवाडांनी सुरुवातीलाच सांगितलं की, त्यांनी स्वतः पाहिलं आहे आणि त्यांच्या मते जनावर गरीब आहे. पण सोसायटीत म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत, ज्यांनी ट्रायल पाहिली नाही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला होता. तो त्यांनी वाचून दाखवला. पहाटे पाच ते सहा या वेळात आबांना फिरवावं. त्या वेळी आवारात कोणी नसतं, कुत्रेही नसतात, त्यामुळे मुसक्याची गरज नाही. सातला आणायचं असेल तर मात्र मुसकं लागेल.

लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली. काका जिंकले होते. गायकवाडांनी मिनिट्सच्या वहीत लिहायला घेतलं, "पहाटे पाच ते..."

"मुसका बांधतंय," काका म्हणाले.

गायकवाडांनी पेन उचललं. "काका, नीट ऐकलं नाहीत बहुतेक. पाचला आलात तर मुसकं नकोच."

"ऐकलंय."

"मग?"

"पाचाक खाली कोण आसता?"

"कोणीच नसतं. तेच तर सांगतोय मी."

"होय तर," काका म्हणाले.

गायकवाडांनी पेन वहीवर ठेवलं. काका खुर्चीत पुढे सरकून बसले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते कोणाकडे न बघता बोलायला लागले, हिशेब समजावून सांगावा तसे.

"आबांका माणसा लागतत. साताक दूधवालो गावता. तो पेपरवालो. शाळेच्या बशीची वाट बघणारी ती सगळी. कोण इचारता, वजन किती. कोण इचारता, खातत काय, अंडी देतास की मटण. एक बाय रोज इचारता, चावणत नाय मां? रोज. मगे सगळा सांगूचा लागता. आबा काय सांगतले? मी सांगतंय." त्यांनी गुडघ्यावरचा एक हात उचलून परत ठेवला. "आठाक दार लावून आत गेलंव की मगे उद्याच्या सातापर्यंत... आबा तसे जास्त बोलणत नाय."

त्यांनी ते विनोद म्हणून सांगितलं होतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

आमच्या गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंतचं अंतर रमतगमत गेलं तरी सात-आठ मिनिटांचं आहे. काकांना जाऊन यायला तासभर लागायचा. चार वर्षं मी तो वेळ कोपरे तपासण्यात जातो असं समजत होतो. माझं निरीक्षण चांगलं आहे असंही समजत होतो.

गायकवाडांनी आधीची ओळ खोडली आणि काका म्हणाले तसं लिहिलं. विरोध कोणी केला नाही. कोणाला विरोध करायचा हेच कळत नव्हतं.

सोमवारी सातला आबा मुसकं घालून बाहेर आले. चामड्याच्या पट्ट्यांची जाळी होती. नाकावर घासू नये म्हणून काकांनी आतून जुन्या सुती कापडाची घडी शिवली होती. टाके मोठे, वेडेवाकडे, पण घट्ट. आबा चालताना मधूनच थांबून पुढच्या पंजाने ती जाळी काढायचा प्रयत्न करत होते. काका प्रत्येक वेळी खाली वाकून पंजा धरत होते आणि हलक्या आवाजात म्हणत होते, "असूं दे. असूं दे, आबानू." लोक थांबत होते. कालपर्यंत लांबून जाणारे दोघे-तिघेही थांबले. काका प्रत्येकाला वजन सांगत होते.

हेमाबेन बुंदीला घेऊन उतरल्या. मुसकं पाहून त्यांची भीती गेली असावी, कारण त्या दिवशी प्रथमच त्यांनी दोरी आवळली नाही आणि बुंदीला उचललं नाही. बुंदीने सवयीप्रमाणे दोनदा भुंकून घेतलं. मागून कोणी ओढेना. तिने वळून हेमाबेनकडे पाहिलं, तिसऱ्यांदा भुंकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग ती चालत आबांपर्यंत गेली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि त्यांच्या गुडघ्याचा वास घेतला. आबा श्वास रोखून उभे होते. काकाही.

बऱ्याच वेळाने आबांनी मान खाली आणली. जाळी बुंदीच्या डोक्याला लागली. बुंदी हलली नाही.

"काढा हो ते, काका," हेमाबेन म्हणाल्या. "कसं वाटत असेल त्याला."

"ठराव झालेलो आसा."

"ठराव माझ्यासाठीच केला ना? मग मी सांगते, काढा. गायकवाडभाईंना मी बघते."

काकांनी बक्कल सोडलं. आबा शिंकले. बुंदी फूटभर मागे उडाली आणि लगेच परत आली.

हेमाबेननी चष्मा सारखा केला. तीन वर्षांत त्यांनी आबांकडे इतकं निवांत पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, वजन किती. काकांनी सांगितलं. खातो काय, त्यांनी विचारलं. काकांनी सकाळचं सांगितलं, संध्याकाळचं सांगितलं, उन्हाळ्यात ताक किती घालतो ते सांगितलं. झोपतो कुठे? पलंगावर, आणि काका चटईवर. ही जात किती वर्षं जगते? आठ, कधी नऊ, काका म्हणाले. मोठी असतात म्हणून लवकर थकतात.

"आणि घरी कोण कोण असतं?" हेमाबेननी सहज विचारलं. एकाच जिन्यात राहून त्यांना ते माहीत नव्हतं.

काकांनी बुंदीच्या पाठीवरून बोट फिरवलं. ती आबांच्या दोन पंजांच्या मध्ये बसली होती.

"आमी दोघा," ते म्हणाले.

हेमाबेनकडे त्या वेळी तीन डबे भरायचे असायचे. सव्वासातला त्यांचा कुकर लागला नाही तर नवरा वरून हाका मारायला लागायचा. त्या दिवशी त्याने दोनदा हाक मारली. "येते!" त्या वर न बघता म्हणाल्या आणि काकांना विचारलं, ताक गोड देता की आंबट.